उघाडीजवळचं मडकं

मडकं नवं होतं. भट्टीची लाली अजून गेली नव्हती. तोंडाला बांधलेलं विरविरीत फडकं सुटून गळ्याशी लोंबत होतं. आत काही नव्हतं.

*

दगडावर भाताचा मुटका. समोर कावळे बसलेले. एकही पुढे सरकत नव्हता.

*

"पिल्लू सोडील तो तीन पावसाळे थांबील," असं कोळीवाड्यात म्हणतात. जिताडा मासा जन्मतो खाऱ्यात आणि वाढतो गोड्यात. खाडीतलं बोटाएवढं पिल्लू आणून तळ्यात टाकलं, तर तिसऱ्या वर्षी ते दोन्ही हातांत मावत नाही. धर्माजीच्या बापानं अशी पिल्लं आणून टाकली होती. तो थकल्यापासून, कित्येक वर्षांत, कुणी टाकली नव्हती.

*

दिव्यांच्या आवसेला गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर दिवा होता, एक उंबरा सोडून. पाऊस पडत होता. विझला असेल.

*

"आमचं धनी पालीला गेल्यात," नामाची बायको काशी विचारणाऱ्याला सांगत होती. "बल्लाळेश्वराचा नवस हाय त्यांचा. फेडूनच येत्याल."

*

पोलीसपाटील हरेश्वर याचा उजवा गुडघा पुनवेच्या आदल्या दिवसापासून ठणकत होता. गुडघा ठणकला की काहीतरी वाईट होतं, असं त्याची बायको ठमाबाई म्हणायची. गुडघा रोजच ठणकतो, असं तो म्हणायचा.

१

पुनवेच्या उधाणाला उघाडीचं दार लागलं नाही.

जाखीचं तळं एका अंगाला, खाडी दुसऱ्या अंगाला, मधे बांध. बांधाच्या पोटातून दगडी मोरी गेलेली आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडाशी लाकडी दार. त्यालाच उघाडी म्हणायचं. ओहोटीला तळ्यातलं जादा पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीच तिकडून रेटा देऊन दार लावते, आणि खारं पाणी बाहेरच राहतं. माणसाचं काम एवढंच की दारात काटकी, शेवाळ, काही अडकू द्यायचं नाही. ते काम नामाच्या घराकडं बापापासून होतं. नामा पालीला गेलेला, तेव्हा त्या पंधरवड्यात दाराकडं कुणी पाहिलं नाही. शिवाय भांगेचं, म्हणजे आवस-पुनवेच्या मधल्या दिवसांतलं कमी भरतीचं पाणी दारापर्यंत चढतही नाही. पुनवेचं उधाण चढलं आणि खारं पाणी तळ्यात घुसायला लागलं, तशी माणसं धावली. दोघांनी बुड्या मारल्या.

दारात नामा अडकला होता.

मोरीत कुठेतरी पडून राहिलेला तो देह मधल्या पावसाच्या ओढीनं दाराशी आला असावा. माशांनी आणि चिंबोऱ्यांनी त्याचं तोंड खाल्लं होतं. काशीनं त्याला करगोट्यावरून ओळखलं. मागून डोक्याचं हाड आत गेलं होतं. पाण्यानं हाड आत जात नाही, एवढं पाटलाला कळत होतं.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकतीस साली, कोळीवाड्यानं दर्याला नारळ दिला नाही. सोललेले नारळ पाटलाच्या पडवीत तसेच पडून राहिले.

२

दुपारपर्यंत खुनी सापडलाही होता.

चारपाच जणांनी सोमा कातकऱ्याला दोरानं बांधून पाटलाच्या अंगणात आणून बसवला. सोमा अनंतरावांच्या वाडीवर राखणीला होता. तळ्याच्या वरच्या अंगाला अनंतरावांची नारळीपोफळीची वाडी होती, आणि तळं वाडीचंच आहे असं त्यांचं म्हणणं होतं. पुनवेनंतर प्रांतसाहेब स्वतः येऊन तळं कुणाचं ते ठरवणार होते. गावात अशी कुजबूज होती की नामा अनंतरावांच्या बाजूनं साक्ष देणार.

"आन मग त्याला मारील कशाला अनंतरावांचा मानूस?" पाटलानं विचारलं.

"नामाची मती फिरली आसंल शेवटाला," एक जण म्हणाला. "ह्यो कातकरी वीख घेऊन आला व्हता तळ्यात घालाया. मासं मेलं म्हंजे आमचा हक काय ऱ्हायला? नामानं धरला, ह्यानं हानला. ते मडकं बघा की! उघाडीच्या भायेर चिखलात घावलं."

मडकं पडवीत नारळांशेजारी ठेवलं होतं. पाटलानं नाक लावून पाहिलं. नव्या मातीचा वास. बाकी काही नाही.

"फौजदार उद्या येतोय आलिबागवरनं," तो म्हणाला. "सोडा त्याचं हात. पळून कुठं जातोय."

माणसं गेल्यावर ठमाबाईनं सोमाला पेज दिली आणि नवऱ्याला आत बोलावलं.

"अवो, आयका. फौजदार येल, ह्याला न्हेल. अनंतरावाच्या मानसानं खून केला म्हनल्यावर प्रांत काय अनंतरावाला तळं देतोय?"

"सोमानं केला का पन?"

"ते द्येव जानं." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "होड्या शाकारून ठेवल्या की आपली चूल कशावं पेटते? तुमच्या गुडघ्यावं का? दर्या बंद झाला की त्या तळ्यावं अख्खा कोळीवाडा जगतो. तुमच्या लेकाची दोन पोरं सुदीक."

ती खोटं बोलत नव्हती. आषाढापासून होड्या वर ओढलेल्या असत, आणि पुढचे दिवस तळं पोसायचं. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. पाळीच्या घरानं आधी काठावरच्या सात आसरांच्या, त्या जलदेवतांच्या, दगडांपुढं दिवा लावायचा, मग पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, फेकायचा, आणि मिळालेलं गल्लीत वाटायचं. आजाऱ्याला वाटा, विधवेला वाटा. फक्त सुतकातल्या घरानं तळ्याला हात लावायचा नाही. आसरांना विटाळ खपत नाही. एकदा खपला नव्हता तेव्हा तळं आटलं होतं, असं म्हणतात. त्या घराचा वाटा शेजारी नेऊन देत.

तळं गेलं तर हे सगळं जाणार होतं, आणि ते राखायला एक कातकरी पुरणार होता.

३

"तू व्हतास का उघाडीवर?" पाटलानं सोमाला विचारलं.

"व्हतो. आवसेच्या आदल्या दिसाला, सकालचा. खेकडं बघाया गेलो व्हतो."

"नामा दिसला?"

"लांबना दिसला. वाकला व्हता. मी माझ्या वाटंनं गेलो."

"आन मडकं?"

सोमा पहिल्यांदाच हसला. "पाटील, मडक्यात घालून वीख कोन आनतंय? साल दगडावं ठेचायची, पान्यात सोडायची. आन भरल्या तल्यात घालून मरनार काय? ते उन्हालचं काम, डबक्यातलं. यवढ्या पान्यात मी माझा आख्खा डोंगर ठेचून घातला तरी मासा शिंकनार न्हाय."

"तळ्यात मेलेला मासा दिसला तुला त्या दिसानंतर?"

"येक बी न्हाय."

पाटलालाही दिसला नव्हता. पाळ्या चालू होत्या, वाटे येत होते, त्याच्या स्वतःच्या ताटात मासा होता. म्हणजे मडक्यात विष नव्हतं. पण मडकं होतं.

"परत गेलतास तिकडं?"

"मंग गेलो येकदा, आवस होऊन आठ दिस झाल्यावं. तवा धर्माजीदादा व्हता. दगडावं भात ठेवून हात जोडून हुबा. कावलं शिवंना. लई येल हुबा व्हता बिचारा. म्यां इचारलं, कुनाचं हाय? तर म्हनला, बापाचं."

पाटील पेजेच्या रिकाम्या थाळीकडं बघत राहिला.

धर्माजी नामाचा थोरला भाऊ. त्यांचा बाप फाल्गुनात गेला होता, शिमग्याच्या आधी. श्रावणात त्याचा भात कुठला?

४

अनंतरावांनी पाटलाला ओटीवर बसवलं, सुपारी पुढं केली आणि आधी आपलंच बोलून घेतलं.

"माझ्या माणसाला दोरानं बांधता तुम्ही? अहो, हा काय न्याय झाला?"

"दोर सोडलाय रावसाहेब."

"उपकार झाले."

"नामा तुमच्या बाजूनं साक्ष देणार व्हता का?"

अनंतरावांनी अडकित्ता मिटला. "खरं सांगू? ठाऊक नाही. दोनदा बोलावलं. होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. 'पुनवेनंतर सांगतो' म्हणाला. त्याच्या भावानं त्याला माझ्या ओटीवर पाहिलं, तेव्हा रस्त्यातच मोठं भांडण झालं दोघांचं. वाडीवरच्या सगळ्यांनी ऐकलं."

"काय म्हनाला धर्माजी?"

"'तळं इकलंस तर तू माझा भाऊ न्हाईस.'" अनंतरावांनी कोळ्यांची बोली चांगली उचलली होती. मग स्वतःच्या बोलीत म्हणाले, "पाटील, मला तळं हवंय, ते मी लपवत नाही. वाडीला पाणी लागतं. पण मासे मारून मला काय मिळणार? उद्या तळं माझं झालं, तर मासेही माझेच की."

पाटलाला तो माणूस आवडत नव्हता. पण बोलणं सरळ होतं.

५

"मडकं माजंच हाय, पाटीलदादा," काशी म्हणाली. "आषाढी एकादशीला आनलं व्हतं नवं. त्या सकाळी, उघाडीवनं तसाच पालीला जातो म्हनत त्यांनी उचललं. म्हनलं, कशाला? तर नुसतं हसले."

६

धर्माजीच्या घरी पाटील गेला तेव्हा धर्माजी नव्हता. त्याची बायको शकू दाराआड उभी राहिली. आत अंधार होता.

"दिवा न्हाय लावला, दादा. सुतक हाय," ती म्हणाली.

"व्हय. काल घावला म्हंजे कालपासनं आलंच."

पाटील दारातच थांबला. डोळे अंधाराला सरावले, तसा देवाच्या कोनाड्यातला पितळी दिवा दिसला. त्याच्यावर हिरवा गंज चढला होता. वातीपासून भिंतीपर्यंत जळमट विणून झालं होतं, आणि त्यात मेलेल्या माश्या होत्या.

सुतक कालचं होतं. जळमट कालचं नव्हतं.

"शकू, दिव्यांच्या आवसेला तुझ्या उंबऱ्यावं दिवा नव्हता."

तिनं पदर डोईवर ओढला.

"म्या स्वतः बघितलं व्हतं. गल्लीतनं चाललो व्हतो. म्हनलं, विझला आसंल."

"ह्यांनी वाती मोडल्या," शकू हळूच म्हणाली. "म्हनाले, वंगाळ सपान पडलंय, ह्या टायमाला दिवा नको. डोईला त्याल बी न्हाय लावू दिलं मला. दादा, सनाच्या दिशी कुनी आसं करतं का?"

"आन तळ्याची पाळी? दुसऱ्या दिसाची पाळी तुमची व्हती."

"हात धरलाय म्हनले. शेजारच्या केसरकाकींना द्या म्हनले."

हात धरलाय. पाटलाला ते आठवलं, कारण पाळी बदलायची तर पाटलाला विचारावं लागतं, आणि धर्माजी त्यालाच विचारायला आला होता. त्याच हातानं त्यानं दाराचा जड अडसर उचलून बाजूला ठेवला होता. पाटलानं ते पाहिलं होतं आणि पाहून सोडून दिलं होतं.

घरी जाताना तो वाटेत थांबला. गुडघा ठणकत होता, पण थांबला त्यामुळं नाही.

देवाचा दिवा नाही. डोक्याला तेल नाही. तळ्याला हात नाही. मग दहाव्याला भाताचा मुटका, कावळ्यापुढं. सगळं जसं करायचं तसं, सगळं ज्या दिवशी करायचं त्या दिवशी. गावाच्या लेखी नामा पालीला गेला होता. काशी त्याची वाट बघत होती. सोमाला ठाऊक नव्हतं, अनंतरावांना ठाऊक नव्हतं. अख्ख्या कोळीवाड्यात एकच घर आवसेपासून सुतकात होतं.

नामा मेला आहे, हे फक्त त्या घराच्या धन्याला माहीत होतं.

७

धर्माजी आसरांच्या दगडांपासून थोडा लांब, गवतात बसला होता. पाऊस थांबला होता, तळ्यावर आभाळ उतरलं होतं. तो आणि पाटील लहानपणी एकाच होडीवर होते. पाटील शेजारी बसला. गुडघा वाकवायला वेळ लागला.

"म्हातारा झालास," धर्माजी म्हणाला.

"तू न्हाय झालास व्हय? धर्मा, दगडापासनं लांब का बसलास?"

"सुतक हाय."

"कवापासनं?"

वारा पाण्यावरून आला आणि गेला. पाटलानं घाई केली नाही. तळ्यात कुठंतरी मरळ श्वास घ्यायला वर आली, पाणी फुटलं, पुन्हा मिटलं.

"दिवा न्हाय, पाळी न्हाय, भात ठेवलास," पाटील म्हणाला. "ह्यातलं येक जरी केलं नसतंस, तर म्या तुझ्याकडं आलो नसतो. सगळ्यांसारखा दिवा लावायचा व्हतास, येड्या."

"कसा लावू?" धर्माजी एकदम वळला. त्याला राग आला होता, जणू पाटलानं काहीतरी अभद्र सुचवलं होतं. "भाऊ व्हता माझा! त्याचं सुतक न्हाय पाळायचं? त्या हातानं पाग फेकायचा? हितं आसरा हाईत. तळं नासलं आसतं."

"मारलास तवा न्हाय सुचलं ते?"

धर्माजीचा आवाज खाली आला. "वल्हं व्हतं हातात. बांधावनं येत व्हतो. बघतो तर ह्यो उघाडीच्या आतल्या अंगाला वाकलेला, तळ्यात मडकं रिकामं करतोय. काय समजू मी? अनंतरावाच्या ओटीवं बसलेला मानूस! म्हनलं, मासं मारतोय. अख्खा कोळीवाडा मारतोय. हाक मारली, 'नाम्या, काय करतुस?' मान वळवली त्यानं. हसला. आन पुन्ना वाकला."

"मंग?"

"हसला म्हनून हानलं."

धर्माजीनं हाताशी आलेलं गवत उपटलं.

"मोरीत गेला. दोन्ही हातांनी चाचपला, घावला न्हाय. मडकं भायेर फेकून दिलं. घरी आलो, वाती मोडल्या."

"धर्मा," पाटील म्हणाला, "मडक्यात काय व्हतं?"

"वीख."

"त्या दिसापासनं येक तरी मासा मेला का?"

धर्माजी पाण्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलले. पाळ्या, वाटे, गल्लीत फिरलेल्या टोपल्या, सगळं तो मनात पुन्हा बघत असावा. मग त्यानं मान फिरवली तेव्हा तो खरोखर म्हातारा दिसला.

"मंग काय व्हतं, हरेश्वर?"

"मला न्हाय ठाऊक."

"कावळा शिवला न्हाय," धर्माजी म्हणाला. "काशीला बघीन म्हनलं, तिच्या पोरांना बघीन म्हनलं. तळं राखीन म्हनलं. न्हाय शिवला. काय ऱ्हायलं व्हतं त्याचं?"

८

ठमाबाईनं सगळं ऐकलं. ऐकताना ती नारळाच्या शेंड्या उपटत होती.

"कुनाकुनाला ठाव हाय?" तिनं विचारलं.

"मला. तुला. त्याला."

"मंग ऱ्हाऊ द्या की तिघांत."

"आन सोमा?"

"सोमाची बायकू माझ्याकडं येऊन बसली व्हती सकाळी," ती म्हणाली. "रडली न्हाय. नुसती बसली व्हती." एक शेंडी तिच्या हातात तुटली. "फौजदारानं कोळ्यानं कोळी मारला म्हनून लिवलं, तर तळं गेलं. तळ्यावनं भाऊ भावाला मारतो, मंग ते सरकारनं कुना येकाच्या ताब्यात दिलेलंच बरं, असंच म्हननार प्रांत. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मंग?"

पाटील उठला. कोपऱ्यातली काठी घेतली. "फौजदार यायच्या आधी धर्मा सोताहून चावडीवं येतो म्हनलाय. त्याला येकट्याला येऊ द्यायचं न्हाय."

ती त्याच्यामागं दारापर्यंत आली. काही बोलेल असं वाटलं. मग तिनं पडवीतला एक नारळ उचलून सोमाच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाली, "जा रं बाबा घरी. तुझी बायकू वाट बघते."

धर्माजीनं फौजदारापुढं सगळं सांगितलं. फाशी टळली, काळ्या पाण्यावर पाठवला. शकूनं त्याच्या जाण्याचा दिवस धरून दिवा लावला नाही, आणि पुढंही कधी लावला नाही.

प्रांतसाहेब ठमाबाई म्हणाली होती अगदी तेच म्हणाले.

९

तिसऱ्या पावसाळ्यानंतर अनंतरावांनी तळ्यात मोठं जाळं टाकलं. आता काठाला तारेचं कुंपण होतं. कोळीवाड्यातली माणसं मजुरीवर जाळं ओढायला आली होती. पागाच्या पाळ्या गेल्या होत्या, वाटे गेले होते; होड्या शाकारल्या की माणसं आता उरणच्या मिठागरांवर जात, नाहीतर उपाशी झोपत. आसरांचे दगड कुंपणाच्या आत राहिले होते.

जाळं जड झालं. वर आलं तेव्हा ओढणाऱ्यांनी आपसूक हात थांबवले. जिताडे होते. रुपेरी, मांडीएवढे, सगळे एका मापाचे, जणू एकाच दिवशी आत आलेले.

"अरे वा!" अनंतराव म्हणाले. "कुणी सोडले होते हे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. काशी कुंपणाबाहेर टोपली घेऊन उभी होती. ती मात्र कुणाकडं बघत नव्हती.

हरेश्वर पाटील तारेला धरून उभा होता. त्यानं मनात मागं मोजायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर थांबवली.

चांगले जिताडे केळीच्या पानांत गुंडाळून अलिबागला साहेबलोकांच्या बंगल्यांवर गेले. उरलेले अनंतरावांनी वाडीवरच्या माणसांत वाटले. धर्माजीकडं अंदमानात कुणी कळवलं नाही. कळवायचं कुणी, हेच ठरलं नाही.

०

दिव्यांच्या आवसेच्या आदल्या सकाळी, उधाणाबरोबर खाडीत चढलेली जिताड्याची पिल्लं नामानं फडक्यानं गाळून काशीच्या नव्या मडक्यात भरली, आणि उघाडीच्या आतल्या अंगाला वाकून तळ्यात सोडली.